नवीन पॉडकास्टसाठी कोणता प्रकार निवडावा: मुलाखत, गप्पा की एकट्यानं बोलणं?
मुलाखत सोपी वाटते म्हणून बहुतेक जण तिकडेच वळतात. पण पाहुणा शोधणं, वेळ जुळवणं, त्याचं ऐनवेळी रद्द करणं, त्याच्या बाजूचा खराब माइक, हे सगळं तुमच्याच गळ्यात येतं. एकट्यानं बोलायचं तर ही कटकट नाही. मात्र २० मिनिटं ऐकणाऱ्याला धरून ठेवायला मुद्दे आधी लिहून काढावेच लागतात. दोघांच्या गप्पा रंगतात, फक्त जोडीदार टिकायला हवा! प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्या, म्हणजे एकाच्या वाक्यावर आलेला दुसऱ्याचा खोकला काढता येतो. पार्श्वसंगीत वगैरे जोडलेला गोष्टरूप प्रकार सुरुवातीला नकोच, एडिटिंगमध्येच जीव जातो. एकच विषय दोन प्रकारांत १०-१० मिनिटं रेकॉर्ड करा, दोन दिवसांनी ऐका. जो ऐकताना तुम्हालाच पुढे सरकवावासा वाटला, तो बाद.