लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यासाठी व्ह्यूइंग हूड घ्यावा की काळे कापड?

आपण लिहिले आहे की, आपण जुना ४×५ (इंची फिल्मचा) घडीचा कॅमेरा घेतला आहे, त्याच्या पाठीला घडीचा हूड आहे, सध्या १५० मिमीची लेन्स आहे आणि लवकरच ९० मिमीची घ्यायची आहे. छायाचित्रे निसर्गदृश्यांची आणि इमारतींची काढायची आहेत, डोळ्यांना चष्मा आहे, तर आता आरशाचा व्ह्यूइंग हूड (पाठीवर बसवायचा, आरशातून चित्र दाखवणारा बंद डबा) घ्यावा की सरळ डोक्यावरून घ्यायचे काळे कापड? माझे उत्तर काळे कापड हेच आहे, आणि ९० मिमीची लेन्स खरोखरच येणार असेल तर त्याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही. हूडची बाजू घेणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्यापैकी एकाबरोबर मी बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅमेऱ्याच्या पाठीला चित्र उमटवणारी खरखरीत काच, म्हणजे ग्राउंड ग्लास, असते; तिच्यावरचे चित्र दिसायला अंधार लागतो आणि तो दोन्हींनी होतो. फरक पडतो तो डोळा कुठे नेता येतो यात. ९० मिमीच्या लेन्समधून निघालेले किरण ४×५च्या कोपऱ्यात पोहोचतात, तेव्हा ते मध्यरेषेपासून सुमारे ४० अंश कललेले असतात. १५० मिमीच्या लेन्सला हाच कोन २७ अंशांच्या आसपास भरतो आणि २१० मिमीला २० अंशांच्या. ग्राउंड ग्लास प्रकाश विखुरते खरी, पण बराचसा प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने पुढे निघून जातो. त्यामुळे डोळा मधोमध ठेवला की काचेचा मध्य लख्ख आणि कोपरे काळोखात दिसतात, आणि तो काळोख लेन्सचा आहे की आपल्या डोळ्याच्या जागेचा, हे कळायला काही मार्ग उरत नाही. कोपरा पाहायचा तर डोके बाजूला नेऊन त्या कोपऱ्यातून लेन्सकडे तिरपे पाहावे लागते. आरशाच्या हूडमध्ये डोळा एका जागी बांधला जातो. काही हूडमधला आरसा थोडाफार कलवता येतो, फ्रेनेल (काचेला लावायचे चपटे भिंग) लावली तर उजेडही बराच सारखा पसरतो. पण फ्रेनेलच्या वर्तुळाकार रेघा फोकस तपासायच्या भिंगाखाली आड येतात, आणि आरसा कितीही कलवला तरी काचेच्या चारही कोपऱ्यांवर भिंग टेकवता येत नाही ते नाहीच.

आमच्या स्टुडिओतले एक ज्येष्ठ सहकारी कायम आरशाचा हूड वापरत. त्यांचा हात विलक्षण सफाईदार होता. आम्ही ट्रायपॉडचे पाय उघडत असू, तोवर त्यांची चौकट ठरलेली असे. काळ्या कापडाला मात्र ते ‘देखावा’ म्हणत. डोक्यावर कापड ओढून घेणाऱ्याला चित्रापेक्षा समोरच्यावर छाप पाडण्यात रस असतो, असे त्यांनी मला सगळ्यांदेखत सुनावले होते, आणि ते मला लागले होते.

त्यानंतर काही काळाने एका उंच दगडी इमारतीचा दर्शनी भाग उभ्या चौकटीत घेण्याचे काम आले. रस्ता अरुंद होता, मागे सरकायला जागा नव्हती, म्हणून ९० मिमीची एक जुनी लेन्स लावली होती. ४×५च्या फिल्मचा कर्ण सुमारे १५३ मिमी असतो आणि या लेन्सचे प्रतिमावर्तुळ (लेन्स जेवढ्या गोलात चित्र पाडते तो गोल) तेवढेच जेमतेम झाकत होते, म्हणजे राइजला (लेन्स वर सरकवण्याला) जवळजवळ वावच नव्हता. (नंतरच्या घडणीच्या ९० मिमी एफ/८ लेन्सचे वर्तुळ २१६ मिमीच्या आसपास असते आणि उभ्या चौकटीतही साडेतीन सेंटिमीटर राइज मिळतो, आपण लेन्स घेताना हा आकडा अवश्य विचारा.) इमारतीचा माथा आत यावा म्हणून सहकाऱ्यांनी लेन्स दीडेक सेंटिमीटर वर घेतली, हूडमधून पाहिले आणि सगळे व्यवस्थित असल्याचे सांगितले. मला एकदा कापडाखालून पाहू द्या, अशी मी विनंती केली. त्यासाठी हूड उतरवावा लागणार होता, त्यामुळे त्यांनी नाराजीनेच होकार दिला.

कापड घेतले, कडा हनुवटीखाली आवळून धरल्या आणि डोळे सरावेपर्यंत कशालाही हात न लावता थांबलो. लख्ख उन्हातून आत शिरलेल्या डोळ्याला काही मिनिटे द्यावीच लागतात. मग अॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे भोक) एफ/८वरून लहान करून एफ/२२वर आणले. प्रकाश एक अष्टमांश झाला, तरी चित्र हळूहळू उमटत गेले. काचेचे खालचे दोन कोपरे मात्र उजळेनात. चित्र उलटे दिसते, तेव्हा हे इमारतीच्या माथ्याकडचे कोपरे. डोके डावीकडे नेले, उजवीकडे नेले, तरी फरक पडेना. शेवटी काचेच्या कापलेल्या (मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या) कोपऱ्यांतून थेट लेन्सकडे पाहिले. त्या जागेतून अॅपर्चरचे भोक पूर्ण दिसले, तर प्रकाश तिथपर्यंत पोहोचतो आहे असे समजायचे. वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून ते पूर्ण दिसत होते. खालच्या कोपऱ्यांतून पाहिले तेव्हा लेन्सच्या कडेने ते बहुतेक झाकून टाकले होते आणि चंद्रकोरीएवढी फट तेवढी शिल्लक होती.

मी तसे सांगितले. ते म्हणाले, हा काचेचा नेहमीचा काळोख आहे, फिल्मवर येत नाही. पुष्कळदा हे खरेही असते, आणि म्हणूनच ते फसवे आहे. त्यांच्या मांडणीवर एक शीट (फिल्मचा एक सुटा तुकडा) घेतले गेले. मी आग्रह धरून समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर कॅमेरा नेला आणि राइज न देता दुसरे शीट घेतले. पहिल्या निगेटिव्हचे दोन कोपरे जवळजवळ कोरे निघाले. छापात ते काळे ठिक्कर आले असते. काम देणाऱ्याकडे दुसरे शीट गेले. सहकाऱ्यांचे म्हणणे शेवटपर्यंत हेच राहिले की, यात हूडचा दोष नाही, त्या दिवशी कोपरे पाहायचे राहून गेले इतकेच. मला हे आजही मान्य नाही. जे साधन कोपरे पाहणे अवघड करते, ते वापरणाऱ्याचे कोपरे पाहायचे राहूनच जातात; माणूस कितीही कसलेला असो, जे दिसत नाही ते तो गृहीत धरू लागतो.

घडीच्या हूडबद्दल थोडे. तो मुळात अशा निवांत कामासाठी नसतोच. १९१२ ते १९७३ या काळात बनलेल्या स्पीड ग्राफिकसारख्या कॅमेऱ्यांवर बातमीदार छायाचित्रकार बहुधा रेंजफाइंडरने (अंतर मोजणाऱ्या उपकरणाने) फोकस करत आणि तारेच्या चौकटीतून नेम धरत. काचेचे रक्षण आणि ओझरती नजर टाकणे एवढेच काम त्या हूडकडे होते. तो काढता येत असेल तर काढून ठेवा, नाही तर भिंग कोपऱ्यांत पोहोचताना त्याच्या भिंती आड येतील. टिल्ट देऊन (लेन्स कलवून) जवळचा दगड आणि दूरचा डोंगर एकाच प्रतलात आणायचा असेल, तर भिंग काचेच्या वरच्या कडेवरून खालच्या कडेवर पुनःपुन्हा न्यावे लागते, आणि त्यासाठी काच मोकळीच हवी.

कापड ४×५साठी साधारण एक मीटर रुंद आणि सव्वा मीटर लांब पुरते. आतून काळे, बाहेरून पांढरे, घट्ट विणीचे सुती घ्या; नायलॉन घसरते आणि मखमल धूळ धरून ठेवते. दिव्यासमोर धरून पाहा. ठिपके चमकले तर ते नको. कोपऱ्यांत छोटी वजने शिवून घ्या आणि कॅमेऱ्याच्या बाजूला अडकवायला वेल्क्रो लावा. डार्क स्लाइड (फिल्मवरचे झाकण) ओढताना फिल्म होल्डरवर टाकायला आणि जुन्या बेलोजवर (कॅमेऱ्याच्या घडीच्या भात्यावर) पांघरायला हेच कापड कामी येते, हा फायदा हूडमध्ये नाही.

आता हूडच्या बाजूने जे सांगणे न्यायाचे आहे, तेही सांगतो. जोराच्या वाऱ्यात कापड फडफडते आणि त्याच्या ओढीने कॅमेरा हलतो. अशा वेळी हूड निश्चित बरा. कॅमेरा जमिनीलगत असेल, तर आरशाच्या हूडमध्ये वरून पाहता येते आणि मान वाचते. आरसा चित्र सुलटही करतो, मात्र डावे-उजवे उलटेच राहते. कापडाखाली ज्यांचा जीव गुदमरतो त्यांना आग्रह करू नये. थंडीत श्वासाने काच धुरकट होते, म्हणून तोंड खाली वळवून श्वास सोडावा लागतो. आणि आपण १५० मिमीहून रुंद लेन्स कधीच लावणार नसाल, फार राइज देणार नसाल, तर माझ्या आक्षेपातली बरीचशी धार बोथट होते, हे मान्य केले पाहिजे.

चष्म्याबद्दल आपण विशेष विचारले आहे. वाचनाच्या चष्म्याची +३ची भिंगे, दूरचा नंबर नसेल तर, सुमारे ३३ सेंटिमीटरवर स्पष्ट दाखवतात, आणि कापडाखाली डोळा काचेपासून साधारण तेवढाच दूर असतो; म्हणून असा एक चष्मा कापडाबरोबर पिशवीतच ठेवा. दूरचा नंबर असेल तर तो हिशेबात धरून चष्मा करून घ्यावा लागेल. तरीही आरशाचा हूड घ्यायचाच असेल, तर त्याच्या नेत्रिकेला (डोळा लावायच्या भिंगाला) नंबर जुळवण्याची सोय आहे का ते पाहा आणि तो एका हाताने, स्क्रू न फिरवता, कॅमेऱ्यावरून निघतो का तेही पाहा. निघत नसेल तर घेऊ नका. मग कापलेल्या कोपऱ्यांतून लेन्सकडे पाहायचा कंटाळा येईल, आणि ९० मिमीला तो परवडणारा नाही.