थंडीतल्या कोंबड्या : तुमचे प्रश्न

प्रश्न : बाहेर पाणी गोठतं. रात्री खुराड्यात उष्णतेचा दिवा लावू का?

उत्तर : मोठ्या कोंबड्यांसाठी अजिबात नको. त्यांच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं आणि पिसं फुलवून त्या ऊब धरून ठेवतात. कोरड्या भुशावर दिवा पडला तर खुराडं जळून जाईल, याची मला जास्त धास्ती वाटते. त्यापेक्षा बसायला चपटा, रुंद दांडा द्या, म्हणजे पोटाच्या पिसांखाली बोटं झाकली जातात. पिल्लांना मात्र वेगळी ऊब लागतेच.

प्रश्न : सगळ्या फटी बुजवल्या, तरी तुऱ्यांची टोकं काळी पडली. असं का?

उत्तर : बहुधा फटी बुजवल्यामुळेच. हा हिमदंश आहे आणि त्याला थंडीइतकीच ओलही कारणीभूत असते. श्वासातून आणि शिटेतून रात्रभर वाफ निघते. कोंडलेल्या खुराड्यात ती तुऱ्यावर बसते आणि तिथेच गारठते. छताजवळ, बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यांपेक्षा बरंच वर, हवेला वाट ठेवा; अंगावर झोत येऊ देऊ नका. सकाळी दार उघडताच डोळे चुरचुरले किंवा काचेवर आतून पाणी दिसलं, तर हवा कमी पडते आहे असं समजा. ओला भुसा लगेच काढा. काळा भाग चोळू नका, कापू नका. सूज किंवा पू दिसला तर पशुवैद्यांना दाखवा. पुढच्या वेळी जात निवडताना तुरा पाहा. लेगहॉर्नच्या मोठ्या तुऱ्याला हा त्रास लवकर होतो. वायनडॉट किंवा कॅनडात तयार झालेली शाँतक्लेर यांचे तुरे लहान, डोक्याला चिकटलेले असतात.

प्रश्न : दिवस लहान झाले आणि अंडी थांबली. खाद्य बदलू का?

उत्तर : खाद्य चांगलं असेल तर बदलू नका. भरपूर अंडी द्यायला 14 ते 16 तास उजेड लागतो. टायमर लावून पहाटे साधा बल्ब सुरू करता येतो; संध्याकाळी लावलात आणि तो एकदम विझला, तर कोंबड्या अंधारात दांड्यापर्यंत पोहोचत नाहीत. पण पिसं झडत असतील तर माझं ऐका, त्यांना विसावा द्या. तेव्हा अंगातली प्रथिनं नव्या पिसांसाठी खर्च होत असतात. त्याच वर्षी अंड्यावर आलेल्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, बहुतेकदा हिवाळाभर अंडी देतात.

प्रश्न : अंडी गोठून तडकतात.

उत्तर : दिवसातून दोन-तीनदा गोळा करा. तडकलेली टाकून द्या.

प्रश्न : संध्याकाळी मका घातला तर चालेल?

उत्तर : मूठभर चालेल, पोट भरेल इतका नको, मुख्य आहार 16 टक्के प्रथिनांचं लेअर खाद्यच (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) हवं. आणि पाण्याकडे लक्ष द्या. भांड्यात बर्फ झाला की कोंबडी खाणंही कमी करते आणि अंडी घटतात. सकाळ-दुपार कोमट पाणी बदला.