वाचक विचारतात: पोरांची युरोप टूर, बसने की ट्रेनने?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत. नाशिकमधल्या कॉलेजांमधून, क्लासेसमधून मे-जूनच्या युरोप टूरची पत्रकं वाटली गेलीयेत आणि पालक, मुलं, शिक्षक सगळेच विचारात पडलेत. म्हणून आजचा पूर्ण कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न: माझी मुलगी अकरावीत आहे. तिच्या ग्रुपची चाळीस मुलं युरोपला निघालीयेत, अकरा दिवसांत नऊ देश, सगळा प्रवास बसने. पत्रक सोबत पाठवतेय. मैत्रिणींनी पैसे भरलेत म्हणून ती मागे लागलीय. भरू का? (एक आई, गंगापूर रोड)

ताई, पत्रक पाठवलंत ते फार बरं केलंत, त्यामुळे नेमकं बोलता येतंय. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन, लुसर्न, युंगफ्राऊ, वादुझ, इन्सब्रुक, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसा, रोम, व्हॅटिकन. अकरा दिवस लिहिलेत खरे, पण पहिला आणि शेवटचा विमानात जाणार, म्हणजे हातात नऊच. नऊ दिवसांत तेरा ठिकाणं आणि तीही सगळी बसने! माझं स्पष्ट मत आहे की या स्वरूपात पैसे भरू नका, आधी आयोजकांशी बोला.

का ते सांगतो. तिकडे बसच्या ड्रायव्हरला हवी तितकी गाडी चालवता येत नाही, कायदाच तसा आहे. साडेचार तास ड्रायव्हिंग झालं की ४५ मिनिटांचा ब्रेक, दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून फार तर दोनदा १० तास, आणि रोज साधारण ११ तास सलग विश्रांती, ती आठवड्यात काही वेळाच ९ पर्यंत कमी करता येते. हे सगळं टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात ड्रायव्हरच्या कार्डावर नोंदलं जातं, पोलीस रस्त्यात थांबवून ते तपासतात आणि दंड चांगलाच मोठा असतो. आपल्याकडे ‘दादा, अर्धा तास थांबा ना, पोरांची शॉपिंग राहिलीय’ म्हटलं की काम होतं, तिकडे तो अर्धा तास दुसऱ्या दिवशी सकाळी कापला जातो, कारण रात्री हॉटेलवर उशिरा पोचलं तर विश्रांती पूर्ण झाल्याशिवाय तो गाडी हलवणारच नाही. आणि त्याचं बरोबरच आहे हो, चाळीस पोरांचा जीव त्याच्या हातात असतो.

आता पत्रकातला पाचवा दिवस बघा, सकाळी कोलोन, दुपारी ब्लॅक फॉरेस्ट, संध्याकाळी लुसर्न. कोलोन ते लुसर्न सहाशेच्या आसपास किलोमीटर आहे, मोठ्या बसला ताशी १०० चा स्पीड लिमिटर असतो, वर सक्तीचे ब्रेक, वर सुट्टीच्या दिवसातलं ट्रॅफिक. दिवस संपला! कोलोनचं कॅथेड्रल मुलं खालून बघणार, फोटो काढणार आणि पळत गाडीत बसणार.

आणि शब्द नीट वाचा. ‘पॅनोरमिक सिटी टूर’ म्हणजे बसच्या काचेतून. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे पंधरा-वीस मिनिटं, आत जायचं नाही. ‘व्हिजिट’ किंवा ‘एंट्री इनक्लुडेड’ असं लिहिलं असेल तरच तिकीट धरलंय. तुमच्या पत्रकात लूव्र म्युझियम फोटो स्टॉपमध्ये आहे, हे मला अजिबात पटलं नाही, कारण १८ वर्षांखालच्या मुलांना लूव्र फुकट आहे, फक्त वेळेचा स्लॉट आधी बुक करावा लागतो. फुकट असलेली गोष्ट बाहेरून का दाखवायची? वाराचंही बघून घ्या, लूव्र मंगळवारी बंद असतं, व्हॅटिकन म्युझियम महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतं.

मग काय मागायचं? तीनच देश मागा. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली. पॅरिसला तीन रात्री, स्वित्झर्लंडला तीन, उरलेल्या इटलीत. मोठे टप्पे ट्रेनने, आणि बस फक्त स्टेशन ते हॉटेल किंवा जिथे ट्रेन जात नाही तिथे. पॅरिसहून बाझेलला टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची फास्ट ट्रेन, साधारण तीन तासांत पोचते. झुरिकहून मिलानला जाताना गाडी गोटहार्ड बेस टनेलमधून जाते, ५७ किलोमीटरचा बोगदा, २०१६ साली सुरू झालेला, जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा. फ्लॉरेन्स ते रोम फास्ट ट्रेनने दीड तास, आणि ट्रेन गावाच्या मधोमध सोडते. बसचं तसं नाही, रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस इथे टुरिस्ट बसला शहरात शिरायला परमिट लागतं, पैसे लागतात, आणि तरीही पार्किंग लांबच मिळतं, तिथून पुढे चालायचंच असतं.

ट्रेनने खर्च वाढेल असं आयोजक म्हणतील. थोडा वाढेलही, पण ग्रुपची तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात, आणि सहा देश कमी झाले की बसचे किलोमीटर, हॉटेल बदलणं, सगळंच कमी होतं. युरेल पास, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या गाड्यांना चालणारा एकच पास, हवाच असंही नाही. २७ वर्षांपर्यंतच्यांना तो सवलतीत मिळतो हे खरं, पण तीन-चारच टप्पे असतील तर सुटी तिकिटं आणि पास दोन्हीचा हिशोब मांडून मगच ठरवायचं, शिवाय टीजीव्ही आणि इटलीतल्या फास्ट गाड्यांना पास असला तरी सीट रिझर्व्हेशनचे वेगळे पैसे पडतात.

प्रश्न: आमच्या टूरमध्ये चार ट्रेन आहेत. मी आजपर्यंत नाशिक रोडवरून मुंबईलाच काय ती गेलीय. तिकडे गोंधळ उडेल अशी भीती वाटते. (एक विद्यार्थिनी, सिन्नर)

अगं, घाबरू नकोस, दोन गाड्या झाल्या की तूच बाकीच्यांना सांगायला लागशील.

पहिली गोष्ट, हमाल नाही. स्वतःची बॅग स्वतः उचलून तीन पायऱ्या चढता आली पाहिजे, आणि तेही दारात लोक खोळंबलेत अशा वेळी. म्हणून एक मध्यम बॅग आणि एक सॅक, बस्स. घरी बॅग भरून झाली की ती घेऊन जिना चढून बघ, दम लागला तर सामान कमी कर.

दुसरी, दार आपोआप उघडेल म्हणून वाट बघायची नाही, बहुतेक गाड्यांच्या दारावर बटण असतं, ते दाबायचं. आणि दार वेळेआधी बंद होतं, फ्रान्सच्या टीजीव्हीचं सुटायच्या दोन मिनिटं आधीच. पळत येऊन चढायचं वगैरे तिकडे चालत नाही.

तिसरी, प्लॅटफॉर्मवर ए, बी, सी, डी अशी अक्षरं लावलेली असतात. जर्मनीत, स्वित्झर्लंडमध्ये बोर्डवर तुमचा डबा कुठल्या अक्षरासमोर येणार ते दाखवतात, तिथेच उभं राहायचं. चाळीस जणांनी एकाच दारावर झुंबड करायची नाही, दहा-दहा जणांनी चार दारांवर वाटून घ्यायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, काही गाड्या मधेच तुटतात. तुमच्याच टूरमधलं उदाहरण देतो, गाडी इंटरलाकेन ओस्टहून निघते आणि त्स्वाइल्युट्शिनेन नावाच्या छोट्याशा स्टेशनवर तिचे दोन भाग होतात, एक लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. मैत्रिणीसोबत खिडकी मिळावी म्हणून पुढच्या-मागच्या डब्यात जाऊन बसलीस तर ग्रुप एका दरीत आणि तू दुसऱ्या दरीत. डब्याच्या बाहेर आणि आत शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, चढताना ते वाचायचंच.

चुकलीसच तर पुढच्या स्टेशनवर उतरायचं, तिथेच थांबायचं आणि सरांना फोन करायचा. शोधत फिरायचं नाही. आणि हो, इंटरनेट पॅक घेताना त्यात स्वित्झर्लंड आहे का ते विचार, तो देश युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे काही पॅक नेमके तिथेच बंद पडतात.

प्रश्न: चाळीस मुलांबरोबर आम्ही चार शिक्षक जातोय. व्हिसापासून पासपोर्ट सांभाळण्यापर्यंत कशाकडे जास्त लक्ष द्यावं? (एक शिक्षक, नाशिक रोड)

सर, चार शिक्षक म्हणजे दहामागे एक, चांगलं आहे. त्यात एक तरी मॅडम असू द्या.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री मुक्काम त्याच देशाकडे अर्ज, रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तिथे. म्हणून आधी रात्री पक्क्या करा, मग अपॉइंटमेंट घ्या, नंतर एजंटने कार्यक्रम बदलला तर सगळं परत. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत नाही, आणि मे-जूनची गर्दी बघता जानेवारी-फेब्रुवारीतच हलायला हवं. मुलांना बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुण्याला स्वतः जावं लागेल, त्या दिवशी परीक्षा नाही ना ते बघा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा, आणि लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो हे पालक हमखास विसरतात, आजच सगळ्यांच्या तारखा तपासून घ्या. अठराच्या आतल्यांना आई-वडील दोघांचं संमतीपत्र लागतं. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. विद्यार्थ्यांना व्हिसा फी माफ असते असं कोणी सांगेल, ती सवलत शिक्षणासाठीच्या प्रवासाला आहे, फिरायच्या टूरला ती धरून चालू नका.

पासपोर्ट शिक्षकांनी गोळा करून एका पिशवीत ठेवायची पद्धत आहे, मला ती धोक्याची वाटते. ती एक पिशवी गेली की चाळीस मुलं अडकली. प्रत्येकाचा पासपोर्ट त्याच्याकडे, शर्टाच्या आत गळ्यात, आणि स्कॅन केलेली कॉपी तुमच्या मोबाइलमध्ये आणि घरीसुद्धा. शेंगेनच्या आत सीमा दिसत नाहीत, पण हल्ली काही देशांनी तात्पुरती तपासणी परत सुरू केलीय, त्यामुळे बसच्या पोटातल्या बॅगेत पासपोर्ट टाकायचा नाही. हरवलाच तर आधी पोलीस रिपोर्ट, मग भारतीय दूतावास. इमर्जन्सी नंबर सगळीकडे ११२.

खिसेकापू पॅरिसच्या मेट्रोत आणि रोमच्या स्टेशनवर फार. कुणी सही घ्यायला कागद पुढे करतं, कुणी हातात धागा बांधायला येतं, तेवढ्यात दुसरा हात सॅकमध्ये. मुलांना आधीच सांगून ठेवा की हसायचं नाही, थांबायचं नाही, पुढे चालत राहायचं.

आणि व्हेनिसमध्ये २०२४ पासून गाइडबरोबरचा ग्रुप पंचवीसपेक्षा मोठा चालत नाही, लाउडस्पीकरही नाही. म्हणजे तुम्हाला दोन ग्रुप आणि दोन गाइड लागणार, ते कोटेशनमध्ये आहे का ते आत्ताच विचारा.

प्रश्न: यंदा अवकाळीने बागेचं बरंच नुकसान झालं. पोरगा बोलत नाही पण त्याला जायचंय हे दिसतं. कर्ज काढून पाठवू का? आणि गेला तर सोबत आपली द्राक्षं, पेढे देता येतील का? (एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी)

दादा, कर्ज काढू नका. मनापासून सांगतो. युरोप कुठे जात नाही, आणि नंतर स्वतःच्या कमाईवर गेलेली मुलं जास्त बघून येतात, हे मी पाहिलंय. टूरच्या रकमेवर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा इन्कम टॅक्स) कापला जातो, तो पुढे रिटर्नमध्ये परत मागता येतो हे खरं, पण आधी पैसे तर भरावेच लागतात. त्यातून हप्ते बसले आणि पुढचा हंगामही फसला तर ओझं त्या पोराच्याच मनावर येईल. त्याच्याशी सरळ बोला, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा त्याला जास्त कळत असतं.

पुढेमागे गेला तर द्राक्षं मात्र देऊ नका. आपली द्राक्षं कंटेनरने रॉटरडॅमला जातात ती फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालावर कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) घेऊन, प्रवाशाच्या बॅगेतल्या द्राक्षांनाही तेच सर्टिफिकेट लागतं. दूध आणि दुधाचे पदार्थ तर बंदच, त्यामुळे पेढे, तूप, श्रीखंड, काहीच नाही. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, लाडू (तुपातले नकोत), खाकरा हे न्या.

प्रश्न: नात शाकाहारी आहे, खाण्यापिण्याचं कसं व्हायचं? (एक आजी, पंचवटी)

आजी, उपाशी राहणार नाही ती. इटलीत तर चंगळच आहे, पिझ्झा-पास्ता. फक्त सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं, तेवढं विचारायला सांगा. पाण्याच्या बाटल्या विकत घ्यायची गरज नाही, नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, रोममध्ये तर रस्त्यारस्त्यावर वाहते नळ आहेत, बाटली भरून घ्यायची. सुट्टी नाणी मात्र जवळ ठेवू दे, स्टेशनवर टॉयलेटला पैसे पडतात.

प्रश्न: युंगफ्राऊचं तिकीट वेगळं आणि महाग आहे. बर्फ तर मनालीलाही मिळतो. टाळलं तर चालेल का? (एक विद्यार्थी, कॉलेज रोड)

बर्फासाठी जाणार असशील तर खुशाल टाळ. पण रेल्वेसाठी जा! कसारा घाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, तेवढ्यासाठी आपल्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावावी लागतात हे तू बघितलं असशील. युंगफ्राऊची गाडी ४ ला १ चढते, रुळांच्या मधे दातेरी पट्टी आणि गाडीखाली दातेरी चाक, त्याच्या जोरावर. काम १८९६ साली सुरू झालं, वरचं स्टेशन १९१२ ला उघडलं, ३,४५४ मीटरवर. सव्वानऊ किलोमीटरची लाइन आणि त्यातली सातेक किलोमीटर डोंगराच्या पोटातून. मधे आइसमेअरला गाडी पाचेक मिनिटं थांबते, तिथे खडकात कोरलेल्या खिडक्या आहेत, बहुतेक लोक सेल्फी काढून परत येतात, तू जरा काचेला नाक लावून खाली हिमनदीला पडलेल्या भेगा बघ, निळ्या दिसतात.

आदल्या दिवशी वेबकॅम बघून घ्या, वर ढग असतील तर दिवस बदलता येतो का ते विचारा, म्हणून स्वित्झर्लंडला तीन रात्री हव्यात असं मी वर म्हटलं. वर गेल्यावर पळापळ करायची नाही, हवा विरळ असते, हळू चालायचं, पाणी पीत राहायचं. डोकं दुखायला लागलं किंवा मळमळलं तर लाजून गप्प बसायचं नाही, सरांना सांगायचं आणि मिळेल त्या पहिल्या गाडीने खाली क्लायने शायडेकला यायचं.