त्यांना पाणी मोजून, मग मी कशी पिऊ?

"मॅडम, घरात माणूस असं पडलेलं असताना मी माझ्याकडं काय बघू?" समुपदेशनासाठी माझ्याकडं येणाऱ्या बायका, आणि अलीकडं पुरुषही, थोड्याफार फरकानं हेच बोलतात. कुणाच्या सासूला अर्धांगवायू झालेला असतो, कुणाच्या वडिलांना काही आठवेनासं झालेलं असतं, कुणाचा तरुण मुलगा मानसिक आजाराच्या गोळ्यांवर असतो. सेवा करणाऱ्याचं गाऱ्हाणं मात्र एकच: झोप नाही, कंबर धरलीय, उगीच चिडचिड होते, आणि स्वतःसाठी जरा काही केलं की मन खातं. या सगळ्यांना मी सुमनताईंबद्दल सांगते. त्यांची परवानगी आहे. नाव बदललं आहे.

सुमनताई लातूरजवळच्या एका खेड्यातल्या. मधुमेहानं नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, त्यामुळं आठवड्यातून तीनदा लातूरला डायलिसिस, दर वेळी चार तास. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसल्यामुळं उपचाराच्या खर्चाचं ओझं हलकं झालं होतं. बाकीचा भार एकट्या ताईंवर. एसटीनं नेणं-आणणं, फाइल सांभाळणं, पथ्य म्हणून भाज्या उकळून वरचं पाणी फेकून देणं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे प्यायचं पाणी मोजणं. लघवी जवळजवळ बंद झालेल्या पेशंटच्या अंगात पाणी साठतं, सूज येते, धाप लागते. म्हणून डॉक्टर दिवसाचं पाणी ठरवून देतात. ताईंनी एका बाटलीवर नेलपेंटनं खुणा केल्या होत्या: सकाळ, दुपार, रात्र.

माझ्याकडं त्या आल्या त्या स्वतःच्या दुखण्यापायी. सारखी लघवीला जळजळ, चक्कर. औषधं झाली, तपासण्या झाल्या, तरी त्रास परत परत येई. डॉक्टरांनी कंटाळून इकडं पाठवलं. ऐन मे महिना होता. सकाळपासून काय काय पोटात गेलं, असं मी विचारलं.

"चहा घेतला की अर्धा कप."

"आणि पाणी?"

त्या खाली बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांच्यासमोर प्यावं वाटत नाही. आणि माघारी पिलं की चोरी केल्यावानी वाटतं."

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेला हा आमचा जिल्हा. त्या वर्षी टँकरमागं घागर घेऊन धावलेली ही बाई, आता घरात पाणी असून तहानलेली राहत होती.

"तुम्ही नाही पिलं तर त्यांची तहान भागते का?"

"नाही."

"अंगावरची सूज उतरते?"

"नाही हो मॅडम."

"मग यातून कुणाला काय मिळतं?"

बराच वेळ पदराशी चाळा चालला. "मला मिळतं," त्या हळूच म्हणाल्या. "वाटतं, मी पण सोसायलेय. नुसतं ह्यांनाच नाही."

इतक्या वर्षांच्या कामात इतकं स्वच्छ उत्तर मला क्वचित ऐकायला मिळालं आहे. माझी सगळी भिस्त मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारावर आहे. परिस्थिती त्रास देते हे खरंच, पण आपण स्वतःला घातलेली कडक सक्ती त्या त्रासात भर घालते, असं ते सांगत. 'नवरा दुखण्यात असताना मला बरं वाटताच कामा नये, वाटलं तर मी वाईट बायको', ही ताईंची सक्ती होती. नवऱ्याच्या आजारावर माझ्याकडं इलाज नव्हता. या सक्तीवर होता.

पुढच्या वेळी मी दोघा नवरा-बायकोला बोलावलं. ताईंना म्हटलं, परवा मला जे सांगितलं ते ह्यांना सांगा. अडखळत सांगून झालं. त्यांचे यजमान ऐकत होते. मग बोलले, "मला काय दिसत नाही व्हय? हिचे ओठ कसे झालेत बघा. मी तहान काढीन, त्याची सवय झालीय. पण माझ्यापायी हीबी झिजायलीय, हे बघवंना गेलंय."

"मग बोलला का नाहीत?" ताईंनी त्यांना विचारलं.

"तू ऐकतीस?"

दोघंही हसले, आणि हसता हसता ताईंना रडू कोसळलं. मी टेबलावरचा ग्लास पुढं सरकवला. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं आणि तो अख्खा प्यायल्या. मी काहीच बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.

त्या दिवशी मला जे उमगलं ते तेव्हापासून प्रत्येक घराला सांगते. अंथरुणावरच्या माणसाला आधीच आपण ओझं झाल्याची टोचणी असते. त्यात सेवा करणारं माणूस उपाशी, जागं, सुकलेलं दिसलं की ती टोचणी वाढते. तुमचं जेवणं आणि झोपणं त्यांच्या नजरेसमोर होऊ द्या.

डायलिसिसचे चार तास ताई आधी दारातल्या बाकावर बसून काढायच्या. मशीनवर असताना पेशंटकडं बघायला तिथं नर्स असते. आता त्या कधी बहिणीकडं जाऊन पाठ टेकतात, कधी गंजगोलाईत बाजार करतात. त्याच दवाखान्यात स्वतःचा बीपी बघून घेतात, महिनोन्‌महिने तो कुणी मोजलाच नव्हता. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्या पुतण्याला त्यांनी वार सांगितला: शनिवारी तू न्यायचं. मोघम मदत मागितली की मोघमच मिळते. दिवस, वेळ, काम सांगितलं की लोक सहसा नाही म्हणत नाहीत. यंदा पंचमीला माहेरी एक मुक्काम करायचं चाललंय. त्याला मन अजून पूर्ण तयार नाही, आम्ही त्यावर बोलतो आहोत.

अजून एक, जे बायका दार लावून घेतल्यावरच बोलतात. "कधी कधी वाटतं, सुटावं एकदाचं." हा विचार अनेक सेवा करणाऱ्यांच्या मनात येऊन जातो. त्यात माणसाचं मरण चिंतलेलं नसतं. थकलेलं अंग विसावा मागत असतं. तो कुणापाशी तरी बोला. पण दोन आठवडे झोप उडाली, कशातच मन लागेना, स्वतःला संपवावं असं मनात येऊ लागलं, किंवा रागाच्या भरात पेशंटवर हात उठू लागला, तर वाट बघू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. केसपेपर पेशंटच्या नावाचा नको, तुमच्या स्वतःच्या नावाचा काढा.