लोक खासगी लष्करी कंपन्यांत नोकरी का पत्करतात?

मुख्यतः पैशासाठी, आणि चाळिशीच्या आत सैन्य सोडलेल्या माणसाच्या कसबाला बाहेर दुसरीकडे फारशी किंमत मिळत नाही म्हणून. अमेरिकी काँग्रेसच्या समितीने २००७ मध्ये मांडलेल्या माहितीनुसार ब्लॅकवॉटर ही अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनी इराकमधल्या एका रक्षकामागे सरकारला दिवसाला १,२२२ डॉलर आकारत होती (हे कंपनीचं बिल, रक्षकाचा पगार नव्हे). काहींना तुकडीतली जिवाभावाची सोबतही सोडवत नाही. मात्र सगळ्यांचा सौदा सारखा नसतो. जून २०१६ मध्ये काबूलमध्ये कॅनडाच्या दूतावासाचे नेपाळी रक्षक साध्या, चिलखत नसलेल्या मिनीबसमधून कामावर जाताना आत्मघाती हल्ल्यात मारले गेले. २०२२ मध्ये वॅग्नर या रशियाच्या खासगी लष्करी कंपनीने रशियन कैद्यांना सहा महिने आघाडीवर लढण्याच्या बदल्यात माफी देऊ केली. त्याला नोकरीची निवड म्हणणं मला पटत नाही.