संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसैनिकांच्या जीपला जाड पत्रे ठोकून भागत नाही का? चिलखती गाड्या कशाला?

नाही भागत. पत्रा गोळी अडवेल, पण सुरुंग खालून फुटतो. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात २०१३ ते २०२३ च्या शांतिमोहिमेत रस्त्यात पुरलेल्या स्फोटकांनी कितीतरी शांतिसैनिक गेले. सुरुंगरोधक गाडीचा तळ होडीसारखा 'व्ही' आकाराचा असतो, त्यामुळे स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना फाकतो. आसनंसुद्धा जमिनीला न ठोकता छताला किंवा भिंतीला टांगतात, नाहीतर खालून बसलेला दणका थेट मणक्यात जातो.

गाड्या बहुधा सैन्य पाठवणारा देशच आणतो आणि संयुक्त राष्ट्रसंघ त्याला ठरलेल्या दराने भरपाई देतो. गाडी बंद पडली की भरपाईला कात्री! म्हणून खरेदी करताना सुटे भाग आणि मेकॅनिक आधी बघावेत, चिलखताची जाडी मग.