राजा आर्थर आणि त्याच्या नाइट्सच्या कथांचा घरबसल्या, इंटरनेटवरून नीट अभ्यास करायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

'आर्थर खरंच होऊन गेला का?' हे शोधत बसू नका. त्या वाटेने गेलात की यूट्यूबवरच्या गूढकथांत अडकाल आणि मूळ साहित्य राहूनच जाईल. त्याऐवजी कथेतली एखादी गोष्ट धरा आणि ती पहिल्यांदा कुणी, कधी लिहिली ते बघा. बखर हातात घेतल्यावर ती घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली हे आपण आधी विचारतो, तसंच.

आर्थरचे नाइट्स ज्याभोवती बसतात त्या गोल मेजाचंच घ्या. जेफ्री ऑफ मॉनमथने ११३८च्या सुमारास लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा 'इतिहास' लिहिला आणि आर्थर युरोपभर गाजला. त्यात गोल मेज नाहीच! ते येतं ११५५मध्ये, वास नावाच्या कवीने तो ग्रंथ फ्रेंच पद्यात आणला तेव्हा. आर्थरचा नाइट लान्सलॉट आणि आर्थरची राणी यांचं प्रेमप्रकरण त्याहून उशिराचं, क्रेतियाँ द त्रुवा या फ्रेंच कवीच्या काव्यातलं. म्हणजे ब्रिटिश दंतकथा म्हणून आपण जे ओळखतो, त्यातला बराच मसाला फ्रेंच आहे.

आर्थरच्या कथा इंग्रजीत एकत्र आणणारं सर टॉमस मॅलरीचं 'ल मॉर्त दार्थर' प्रोजेक्ट गुटेनबर्ग या साइटवर फुकट मिळतं. जरूर वाचा, पण तो पाठ विल्यम कॅक्स्टनने १४८५मध्ये छापलेला आहे, हे ध्यानात असू द्या. १९३४मध्ये विंचेस्टर कॉलेजात मॅलरीचं हस्तलिखित सापडलं, तेव्हा दोन पाठ ताडून बघता आले. रोमच्या सम्राटाशी झालेल्या युद्धाचा भाग कॅक्स्टनच्या पाठात जवळपास निम्म्यावर आलाय.

याच पुस्तकात तलवारीची एक गंमत आहे. दगडात रुतलेली तलवार बाहेर काढून आर्थर राजा ठरतो. मग पहिल्या भागातच एका लढाईत तो एक्सकॅलिबर नावाची तलवार उपसतो आणि तिचा तीस मशालींएवढा उजेड पडतो. ही दगडातून काढलेलीच तलवार असणार, कारण सरोवरातली अजून मिळालेलीच नाही. पुढे पेलिनोर राजाशी लढताना त्याची तलवार मोडते, सरोवरातून दुसरी मिळते आणि तिचंही नाव एक्सकॅलिबर! मॅलरीने वेगवेगळ्या फ्रेंच कथा एकत्र शिवल्या, त्याचे टाके असे मध्येच दिसतात. 'मॅलरीच्या पुस्तकात दगडातली तलवार वेगळी, एक्सकॅलिबर वेगळी' असं कुणी ठामपणे सांगितलं, तर त्याने पुस्तक उघडलेलं नाही असं मी खुशाल समजतो.

साइट्स म्हणाल तर रोचेस्टर विद्यापीठाचा 'कॅमेलॉट प्रोजेक्ट' हा आर्थर-साहित्याचा संग्रह आधी. त्याच विद्यापीठाच्या साइटवर मध्ययुगीन इंग्रजीतल्या संहिता अवघड शब्दांच्या अर्थांसह आहेत. तरीही एखादा शब्द अडला तर मिशिगन विद्यापीठाचा मिडल इंग्लिश शब्दकोश मोफत आहे. फ्रेंच हस्तलिखितांची चित्रं फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गॅलिका' या साइटवर बघा. ब्रिटिश लायब्ररीच्या जुन्या लिंका चालल्या नाहीत तर तुमच्या नेटला दोष देऊ नका. ऑक्टोबर २०२३च्या सायबर हल्ल्यानंतर त्यातल्या बऱ्याच बंद पडल्या.

नाइट्सची रीतभात समजून घ्यायची तर निबंध नंतर, आधी 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' हे काव्य वाचा. जेमतेम अडीच हजार ओळी आणि चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं एकच हस्तलिखित, तेही १७३१च्या आगीतून वाचलेलं. गवेन हा आर्थरचा नाइट एका गढीत पाहुणा असतो, आणि तिसऱ्या भागात यजमानीणबाई लागोपाठ तीन सकाळी त्याच्या खोलीत येतात. बाईंचा अवमान करायचा नाही आणि यजमानाशी दगाही करायचा नाही, या कात्रीत सापडलेल्या गवेनची अंथरुणात पडल्यापडल्या जी तारांबळ उडते, ती अजिबात चुकवू नका.